२२ आणि २४ क्रमांकाच्या गळावर चिलटाची फ्लाय बांधताना ती जाड का होते?

प्रश्न : डेन्व्हरकर

नमस्कार. मी चार वर्षांपासून डेन्व्हरमध्ये राहतो. लहानपणी खाडीवर काकांबरोबर गरवायला जात असे. इथे आल्यावर फ्लाय-फिशिंगचा, म्हणजे गळावर दोरा आणि पिसे बांधून केलेल्या नकली कीटकाने (फ्लायने) मासे धरण्याचा नाद लागला आणि त्यालाही आता तीन हंगाम झाले. उन्हाळ्यात १४ आणि १६ क्रमांकाच्या गळांवर मी बांधलेल्या फ्लाय बऱ्यापैकी उतरतात आणि मासेही त्यांना नाकारत नाहीत. माझी अडचण हिवाळ्याची आहे. साउथ प्लॅट नदीच्या चीझमन धरणाखालच्या पट्ट्यात ऐन थंडीत पाण्यावर चिलटांखेरीज फारसे काही नसते, आणि ही चिलटे इतकी बारीक असतात की त्यांच्या मापाची फ्लाय बांधायची तर २२ किंवा २४ क्रमांकाचा गळ घ्यावा लागतो. ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो की, क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो आणि २२ क्रमांकाच्या गळाची दांडी तांदळाच्या दाण्याच्या जेमतेम निम्मी भरते.

अशा गळावर मी काहीही बांधले तरी फ्लायचे अंग आणि डोके दोन्ही फुगतात. बांधून होईपर्यंत गळाचा डोळा दोऱ्याने आणि लाखेने बुजलेला असतो, दांडी आणि टोक यांच्यामधला गाळा निम्मा भरून गेलेला असतो, आणि पाण्यात चिलटाऐवजी मिरीचा दाणा वाहत चालल्यासारखा दिसतो.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी दुपारपर्यंत एकाच डोहावर उभा होतो. समोर सहा-सात ट्राउट पृष्ठभागाच्या वीतभर खाली राहून सारखे काहीतरी टिपत होते आणि प्रत्येक वेळी जबडा उघडला की त्याच्या आतला पांढरेपणा स्पष्ट दिसत होता. पण माझी फ्लाय जवळ आली की ते किंचित बाजूला सरत आणि ती निघून गेली की पुन्हा जागेवर येत. वरच्या अंगाला गरवत असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझी धडपड पाहिली, स्वतःच्या डबीतून दोन काळ्या फ्लाय काढल्या आणि माझ्या तळव्यावर ठेवल्या. त्यांतल्या एकीवर मला तासाभरात तीन मासे लागले. दुसरी मी मुद्दाम पाण्यात टाकली नाही. घरी आणून भिंगाखाली धरली, सुईच्या टोकाने तिचा दोरा उलटा सोडवत गेलो आणि वेढे मोजले. ते ३८ भरले. मग त्याच मापाच्या माझ्या एका फ्लायचे वेढे तसेच मोजले, तेव्हा आकडा १०० च्या पुढे गेला.

मी ७० डेनियरचा दोरा, पितळी मणी आणि बारीक रुपेरी तार वापरून झेब्रा मिज नावाची चिलटाची फ्लाय बांधतो. मला विचारायचे आहे ते असे की, दोरा याहून बारीक घ्यावा का, इतक्या लहान गळावर मणी ठेवावा की काढून टाकावा, आणि वेढे कमी केल्यावर फ्लाय सुटून जाऊ नये म्हणून काय करावे? शिवाय माझे वय ४६ आहे आणि जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागू लागला आहे, तेव्हा नजरेच्या बाबतीत कोणी काही सुचवू शकले तर तेही हवे आहे.

उत्तर १ : सॅन हुआनकाठची

डेन्व्हरकर, दोन्ही फ्लाय सोडवून वेढे मोजण्याची तुमची कल्पना मला फार आवडली आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या मोजणीतच आले आहे. मी न्यू मेक्सिकोत राहते आणि नवाहो धरणाखालच्या सॅन हुआन नदीवर गेली अकरा वर्षे गरवते आहे. तुमच्या आणि माझ्या नदीचे मूळ लक्षण एकच आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड होते, त्यामुळे हिवाळ्यात वर बर्फ असला तरी खोल जलाशयाच्या तळाशी साधारण त्याच तापमानाचे पाणी राहते, आणि धरणातून सोडले जाते ते हेच तळचे पाणी. म्हणून धरणाखालचा पट्टा कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, तिथली चिलटे बारा महिने निपजत राहतात आणि ट्राउटला तेच अन्न इतके सवयीचे होऊन जाते की जाडीतला फरकही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

बांधायला बसण्यापूर्वी नदीतला एखादा दगड उलटा करून पाहा, किंवा पाण्यात बारीक जाळी धरून जे अडकेल ते पांढऱ्या बशीत ओता. चिलटाची अळी म्हणजे नुसता एक बारीक धागा असतो. काही जातींच्या अळ्या रक्तद्रव्यामुळे लाल दिसतात आणि घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना त्या चांगल्या ठाऊक असतात. अळीचा कोश झाला की मात्र आकार बदलतो. पोट तसेच बारीक राहते, पण छाती फुगते आणि तिथे पंख व पाय गुंडाळलेले असतात. हा कोश वर येऊन पाण्याच्या सायीखाली लोंबकळतो आणि त्यातून पंखवाले चिलट बाहेर पडते. तुम्ही पाहिलेले मासे बहुधा हेच लोंबकळणारे कोश टिपत होते. तेव्हा आपल्याला पोट आणि छाती यांच्या जाडीतला फरक दाखवायचा आहे, आणि पोटच फुगले तर पुढे छाती कितीही नीट केली तरी तो फरक उरत नाही.

आता दोऱ्याविषयी. ७० डेनियरचा दोरा वाईट नाही, पण तो पिळलेला राहिला तर गोल दोरीसारखा बसतो आणि प्रत्येक वेढा वरंबा उभा करतो. उजव्या हाताने दोरा गुंडाळत असाल तर प्रत्येक वेढ्यागणिक त्यात पीळ वाढत जातो. म्हणून दर सात-आठ वेढ्यांनी बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे हत्यार) लोंबकळत सोडा आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा; दोरा पसरून फितीसारखा चपटा होताना डोळ्यांना दिसतो. चपटा दोरा दांडीवर एकापुढे एक असा लावत गेलात तर २२ क्रमांकाच्या गळावर डोळ्यापासून बाकापर्यंत जायला पंधरा-सोळा वेढे पुरतात आणि परत यायला तितकेच. त्या वृद्ध गृहस्थांचे ३८ वेढे असेच झाले असणार. २४ क्रमांकासाठी मी ३० डेनियरचा, फार मजबूत पण निसरडा असा कृत्रिम दोरा वापरते. त्याला आधी मेण लावावे लागते आणि कात्री बोथट असेल तर तो तुटतच नाही. दोरा विकत घेताना ८/० किंवा १४/० या आकड्यांवर विसंबू नका, कारण ते प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने छापते. डेनियर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन, त्यामुळे तुलना करायची तर त्याच आकड्याने करावी.

माझा क्रम पुढीलप्रमाणे असतो. आधी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चपट्या पकडीने दाबून टाकते, कारण बारीक गळ मोडायचाच असेल तर तो दोरा चढवण्यापूर्वी मोडलेला बरा. डोळ्यामागे डोळ्याएवढीच जागा कोरी ठेवते आणि तिथून दोरा सुरू करते. ही जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली पाहिजे, ती एकदा गेली की परत मिळत नाही. तार बाकाजवळ एकाच जागी अडकवली तर तिथे गाठ येते, म्हणून ती दांडीच्या पूर्ण लांबीला चिकटवून दोऱ्याच्या पहिल्या थराखाली घेते. मग दोरा परत आणायचा, तारेचे चार किंवा पाच वेढे अंतर राखून द्यायचे आणि तार कापण्याऐवजी गोल गोल फिरवून तोडायची, म्हणजे टोक बाहेर राहत नाही. छातीसाठी मोराच्या पिसाचा एकच धागा, तोही टोकाकडचा आखूड केसांचा, दोन वेढे. शेवटी व्हिप फिनिशची गाठ तीन वेढ्यांची. डोक्यावर लाखेचा थेंब सोडू नका. दोऱ्याच्या शेवटच्या सेंटिमीटरला कुंचल्याने सुपरग्लूचा किंचित हात लावायचा आणि तो ओला असतानाच गाठ मारायची. गोंद गाठीच्या आत जातो, डोळा कोरा राहतो आणि तीन वेढ्यांची गाठही सहसा सुटत नाही.

मणी २० क्रमांकापर्यंत ठीक आहे. त्याखाली मी तो काढूनच टाकला आहे, कारण गळाचा गाळा भरला की मासा तोंड मिटतो आणि टोक कुठेच रुतत नाही. झेब्रा मिज ॲरिझोनातल्या लीज फेरीची. तिथे खोल पाण्यात उतरवण्यासाठी मणी हवाच, पण तुमचे मासे तर वीतभर खाली होते. वजन हवेच असेल तर तुमच्या साउथ प्लॅटवरच १९६० च्या दशकात जन्मलेली ब्रासी बांधा. तिचे अंग म्हणजे नुसती तांब्याची तार, त्यामुळे दोरा अगदी थोडा लागतो. गळ घेताना आखूड दांडीचा, रुंद गाळ्याचा आणि सरळ डोळ्याचा घ्या. टिएम्कोचा २४८८ हा गळ मी याच कारणासाठी वापरते. त्यावर २४ क्रमांकाची फ्लाय बांधूनही माशाच्या तोंडात रुतायला पुरेशी जागा उरते.

उत्तर २ : चुनखडीचा झरा

वरचे उत्तर अभ्यासपूर्ण आहे आणि बांधणीच्या बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे. तरीही डेन्व्हरकरांचे मासे बाजूला सरत होते याचे सगळे कारण वेढ्यांत शोधणे मला पटत नाही. ते टिपेट, म्हणजे फ्लाय जिला बांधतात ती दोरीच्या टोकाची सर्वांत बारीक तार, कोणते वापरत होते, हे त्यांनी लिहिलेले नाही. टिपेटची जाडी काढण्याचा सोपा हिशेब असा की, ११ मधून टिपेटच्या रिळावरचा एक्सचा आकडा वजा केला की जाडी हजारांश इंचांत मिळते. म्हणजे ५ एक्सचे टिपेट सुमारे ०.१५ मिलिमीटर आणि ७ एक्सचे ०.१० मिलिमीटर. १४ क्रमांकाच्या फ्लायला ५ एक्सचे टिपेट निमूट मागे जाऊ देते, पण २४ क्रमांकाच्या फ्लायला तेच टिपेट सळईसारखे वागते. प्रवाहाच्या दोन पट्ट्यांच्या वेगात फरक असला की ते फ्लायला ओढत नेते, आणि खरे चिलट कधीच ओढले जात नाही. फ्लाय जवळ आली की मासा किंचित सरतो आणि मग जागेवर येतो, हे वर्णन वाचून मला तरी आधी ही ओढच आठवली. ७ एक्स लावा, त्याची लांबी मीटरभर ठेवा आणि जुनी जाड फ्लायसुद्धा एकदा त्यावर टाकून पाहा. मासा लागला तर दोष कुठे होता ते कळेल.

मी पेनसिल्व्हेनियात, कार्लाइलजवळ राहतो. इथला लेटॉर्ट हा चुनखडीच्या झऱ्यांवर वाहणारा ओढा आहे. पाणी काचेसारखे, प्रवाह संथ आणि तळाशी हिरव्या वनस्पतींच्या गाद्या. व्हिन्सेंट मॅरिनारो आणि चार्ल्स फॉक्स या गरवण्यावर लिहिणाऱ्या दोघा लेखकांनी याच ओढ्याच्या काठावर पोटावर पडून मासे काय टिपतात हे वर्षानुवर्षे पाहिले, आणि त्या निरीक्षणातून जी एक छोटीशी फ्लाय जन्मली तिचे नाव जॅसिड. मराठी वाचकाला हा कीटक नवा नाही. कपाशीच्या पानाखाली बसणारा, धक्का लागला की टुणकन तिरका उडणारा तुडतुडा तो हाच गट. काठच्या गवतातून असे तुडतुडे पाण्यात पडतात आणि मासा ते खालून पाहतो. खालून पाहणाऱ्याला उंची दिसत नाही, दिसतो तो फक्त पाण्याच्या पडद्यावरचा चपटा अंडाकार डाग. मॅरिनारोंनी तो डाग दाखवण्यासाठी पाठीवर एकच चमकदार पिसाची पत्री आडवी बसवली आणि अंगाखालचे केस कापून टाकले. बाकीचे काही दाखवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि फ्लाय चालली.

ती पत्री कुठून येत असे हे मला इथे आल्यावर कळले, तेव्हा मी बराच वेळ त्या पिसाकडे पाहत बसलो होतो. ती राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरची, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवणाऱ्या रानकोंबड्याची. त्या पिसाच्या टोकाला मेणासारखा किंवा मुलाम्यासारखा चकचकीत ठिपका असतो आणि त्यासाठी हा पक्षी पूर्वी फार मारला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात त्याला संरक्षण आहे. म्हणून इथे वाचणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की, गावाकडून कोणी असे पीस आणून देतो म्हणाले तरी घेऊ नये. परदेशात पाळीव पैदाशीच्या पक्ष्यांची पिसे कायदेशीरपणे मिळतात, आणि तीही नको असतील तर साध्या काळ्या पिसाला लाखेचा हात देऊन अंडाकृती कापले तरी खालून दिसणारा डाग तोच पडतो.

डेन्व्हरकरांना याचा उपयोग असा की, कोश बांधून कंटाळा आला तर ग्रिफिथ्स नॅटही डबीत असू द्यावी. मोराच्या पिसाचे अंग आणि त्यावर करड्या पट्टेदार पिसाचे वेढे, एवढीच ती फ्लाय आहे. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या जॉर्ज ग्रिफिथ यांच्या मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीकाठच्या घरी १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली. थंडीत चिलटे जोडी जमवताना गुच्छ करून पाण्यावर तरंगतात, तेव्हा मासा सबंध गुच्छ एका घासात घेतो. त्या वेळी १८ किंवा २० क्रमांकाची ग्रिफिथ्स नॅट चालते आणि २४ च्या गळाशी झगडण्याची गरजच पडत नाही.

उत्तर ३ : सदाशिव पेठेतला भिंगवाला

मी पुण्यात एकतीस वर्षे घड्याळदुरुस्ती केली आणि आता दरवर्षी एप्रिलमध्ये हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटसाठी जातो. तीर्थनचे पाणी खळाळते असल्यामुळे मला १८ च्या खाली सहसा जावे लागत नाही, म्हणून मासा काय पाहतो याविषयी मी वरच्या दोघांपुढे काही बोलणार नाही. डोळे आणि हात यांविषयी मात्र सांगण्यासारखे आहे.

डेन्व्हरकर, वाचायचा चष्मा या कामाला पुरणार नाही. डोक्याला पट्ट्याने बांधायचे दोन्ही डोळ्यांचे भिंग घ्या आणि ते अडीच पटीच्या आसपासचे असू द्या. जास्त पटीचे भिंग घेण्याचा मोह होतो, पण पट वाढली की अंतर कमी होते, नाक व्हाइसला (गळ घट्ट धरणाऱ्या पकडीला) टेकू लागते आणि बॉबिन फिरवायला जागा राहत नाही. घड्याळजीचे एका डोळ्याचे भिंग तपासणीला उत्तम, बांधणीला नाही, कारण एका डोळ्याने खोली कळत नाही आणि दोरा दांडीच्या पुढून गेला की मागून हे समजत नाही. व्हाइसच्या मागे फिक्या निळ्या किंवा राखाडी रंगाचा कोरा कागद उभा करा. काळा दोरा लाकडी टेबलासमोर दिसतच नाही, कागदासमोर त्याचा प्रत्येक वेढा सुटा दिसतो. दिवा डाव्या खांद्यावरून यावा आणि व्हाइस इतका उंच असावा की मान खाली न घालता गळ समोर दिसेल. दोन्ही कोपरे टेबलावर आणि दोन्ही करंगळ्या एकमेकींना किंवा व्हाइसच्या खांबाला टेकलेल्या ठेवा. हाताचा कंप कोपरापासून येतो, तो करंगळीपाशी अडतो.

आणखी एक गोष्ट. तुमच्याकडची हवा कोरडी, त्यात हिवाळा, म्हणजे बोटांची कातडी नक्की फुटलेली असणार. चपटा केलेला बारीक दोरा त्या भेगांत अडकतो, त्याचे तंतू सुटतात आणि मग तोच दोरा जाड बसतो. रात्री झोपताना बोटांना खोबरेल तेल चोळा, आणि बांधायला बसण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुऊन बोटांच्या टोकांवरून बारीक कानस हलकेच फिरवा. तेलकट बोटांनी दोऱ्याला हात लावू नका, नाहीतर सुपरग्लू धरणार नाही. सलग वीस मिनिटांहून जास्त बांधू नये. मी घड्याळाचा केसासारखा बारीक स्प्रिंग बसवतानाही हाच नियम पाळत असे, आणि ज्या दिवशी तो मोडला त्या दिवशी स्प्रिंगही वाकला.

डेन्व्हरकर

तिघांचेही मनापासून आभार. टिपेट ५ एक्सचेच होते, हे कबूल करायला हवे. त्या वृद्ध गृहस्थांनी फ्लाय देताना माझ्या लीडरच्या (मुख्य दोरी आणि टिपेट यांच्यामधल्या निमुळत्या दोरीच्या) टोकाला स्वतःच्या रिळातला हातभर तुकडाही जोडून दिला होता. तो किती बारीक होता याकडे मी तेव्हा लक्षच दिले नाही आणि सगळे श्रेय फ्लायला देऊन मोकळा झालो.

काल संध्याकाळी कागद उभा करून, कोपरे टेकवून बसलो. दर आठ वेढ्यांनी बॉबिन उलटी फिरवली. पहिल्या तीन फ्लाय फेकून दिल्या, चौथीचे वेढे मोजत गेलो ते ४१ भरले, आणि भिंगातून पाहिले तर डोळ्यातून पलीकडचा कागद दिसत होता. मोराच्या धाग्याचे दोन वेढे मात्र अजून जाड वाटतात. शिवाय एक शंका आहे. ७ एक्सवर मोठा मासा लागला तर टिपेट तुटण्याची भीती आहेच, पण तो फार वेळ खेळवावा लागला तर थकून मरणार नाही का?

सॅन हुआनकाठची

तुमची शंका रास्त आहे, आणि त्याच कारणासाठी मी ८ एक्स वापरणे पूर्ण सोडले आहे. ७ एक्स वापरताना रॉड मऊ घ्या, मासा प्रवाहात खाली धावू लागला तर स्वतः काठाने त्याच्यामागे चालत जा, आणि रॉड उभा न ठेवता आडवा ठेवून त्याला बाजूला ओढा; तो लवकर वळतो. तीन-चार मिनिटांत जाळ्यात आला नाही तर मी दोरी ताणून टिपेट तोडून टाकते. काटा दाबलेला असल्यामुळे फ्लाय त्याच्या तोंडातून सुटण्याची शक्यताही जास्त असते. जाळ्यातला मासा पाण्याबाहेर काढू नका. थंडीत हवेवर त्याचे कल्ले गोठतात.

मोराचा धागा जाड वाटत असेल तर तो वगळा आणि त्याच काळ्या दोऱ्यावर बीव्हरची लव इतकीच चोळा की दोऱ्याचा काळेपणा किंचित राखाडी दिसू लागेल. त्याचे तीन वेढे छातीला पुरतात. शनिवारी जाणार असाल तर चार-पाच फ्लायमध्ये टिपेटचे तुकडे घरीच ओवून, गाठ मारून न्या, कारण सकाळी आठच्या थंडीत बधिर बोटांनी २४ क्रमांकाच्या डोळ्यात टिपेट जात नाही.